सिग्रूनच्या माशा

वर्षभराची रजा संपवून सिग्रून प्रयोगशाळेत आली ती थेट माशांच्या खोलीत शिरली. आपला कप्पा रिकामा करायचा आणि पहिल्यापासून सुरुवात करायची, असं ती घरून ठरवूनच आली होती. लेकराच्या हृदयाचं ऑपरेशन निभावलं होतं. बाकीचं काय, होईल.

केळ्यावर घोंघावतात त्याच या चिमुकल्या माशा. पण सिग्रूनचा वाण दुसऱ्या कुणाकडेच नव्हता. सहा वर्षं खपून तिने तो उभा केला होता. दर पंधरवड्याला माशा ताज्या खाण्याच्या नळीत हलवल्या नाहीत, की वंश बुडालाच. इथे ज्याला त्याला आपल्या माशा जड झालेल्या, त्यात आपलं ओझं कुणावर कशाला, म्हणून जाताना तिनेच कप्प्यावर चिठ्ठी चिकटवली होती : ‘फेकून द्या.’

तिने कप्पा उघडला. आत नळ्यानळ्यांत माशांचा नुसता बुजबुजाट!

“ए बाई, हात लावू नकोस!” शेजारच्या टेबलावर काम करणारा डेल मागून ओरडला. “आज माझी पाळी आहे.”

“पण माझी चिठ्ठी...”

“वाचली ना सगळ्यांनी. ओडेटने फाडून टाकली आणि सगळ्यांच्या पाळ्या लावल्या.”

ओडेट म्हणजे प्रयोगशाळेची मुख्य प्राध्यापिका. वीस वर्षांत नळी हातात न धरलेली बाई! पण थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीची तारीख घातलेल्या नळीवर तिचंच अक्षर होतं, कोंबडीचे पाय.

“पहिल्या पाळीला निम्म्या माशा उडवल्या तिने,” डेल म्हणाला. “आठवडाभर माशांची कॉफी प्यायलो. पण बाईने आपल्या पाळीचा एक रविवार चुकवला नाही.”

सिग्रूनला रडू फुटलं, आणि रडता रडताच तिची मान ताठ झाली. आपण या लोकांच्यातल्या आहोत, याचा असा अभिमान तिला कधी वाटला नव्हता.

डोळे पुसताना तिची नजर खालच्या कप्प्यावर गेली. तो डेलचा. बायकोला जुळी होणार म्हणून सोमवारपासून तोही मोठ्या रजेवर निघाला होता. कप्प्यावर ताजी चिठ्ठी होती : ‘फेकून द्या.’

“शहाणाच आहेस!” सिग्रून म्हणाली.

डेल कानापर्यंत लाल झाला. दुसऱ्याच्या माशा वर्षभर पोसेल, पण स्वतःसाठी शब्द टाकायचा म्हटलं की जीभ टाळ्याला.

सिग्रूनने चिठ्ठी खरवडून काढली, चुरगळली आणि त्याच्याच खिशात कोंबली.

“तुझ्या माशांचे रविवार माझे,” ती म्हणाली. “शनिवार कोण घेतंय, बाहेर जाऊन विचार.”