आत्याचा मान

पाळणा कधीचा सजला होता, बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या, घुगऱ्या निवून चालल्या होत्या, आणि बाळाची आत्या उंबरा काही ओलांडत नव्हती. सुचिता दारातच उभी होती, तोंडाला पदर लावून.

सकाळी सासरहून, अमडापूरहून निघताना तिचं सगळं ठरलेलं होतं. श्वास धरायचा, वाकायचं, कानात कुर्र करून नाव सांगायचं, झटकन मागे व्हायचं. नाव सांगायचा मान आत्याचा आणि सांगताना पाठीत बायकांचे धपाटे खायचा मानही तिचाच. गोपालला, तिच्या भावाला, नवसासायासानं झालेली पोर ही. न येऊन कसं चाललं असतं? ज्येष्ठमधाचा तुकडा तिनं जीपमध्येच तोंडात टाकला होता.

पण आता पाळण्यात ती चिमणी टुकुटुकू बघत होती. जेमतेम महिन्याची. तिच्या दीड महिन्याच्या लसीच्या सुईलाही अजून अवकाश होता. आणि सुचिताच्या घशात पुन्हा खोकला वळवळायला लागला.

तिचा सागर घरी सासूजवळ होता. डांग्या खोकला. खोकून खोकून पोरगं निळं पडायचं आणि मग कोंबडा आरवावा तसा आवाज काढत श्वास ओढायचं. चिखलीच्या डॉक्टरनं तिलाही गोळ्या दिल्या होत्या आणि बजावलं होतं, बाई, तुम्हालाही तोच आहे, गोळ्या संपेपर्यंत तान्ह्या लेकराजवळ फिरकू नका. एवढ्याशा जिवाला खोकायचीही ताकद नसते, श्वासच थांबतो.

हे माहेरी सांगायला जीभ रेटत नव्हती. सागरच्या डांग्याच्या लसीच्या पहिल्या सुईनं मांडी सुजली, ताप भरला, तशी हिनं पुढच्या सुया बंद करून टाकल्या. काजलनं, तिच्या भावजयीनं, या बाळाच्या आईनं, तेव्हा फोनवर किती परोपरीनं सांगितलं होतं, सुया थांबवू नका. आणि ही बया फाडकन बोलून गेली होती, जिच्या कुशीत लेकरू नाही तिनं मला शिकवू नये. त्यावर काजलनं फोन ठेवून दिला होता.

"ये ना वो सुचे, काऊन खांबासारखी उभी राह्यली?" पुष्पाबाई लेकीवर करवादल्या. बायकांत कुजबुज झाली, मानपानावरून रुसली वाटतं. गोपाल बिचारा धावत आला, साडी आवडली नसेल तर उद्या बदलून आणतो म्हणाला. सुचितानं नुसती मान हलवली. तोंड उघडायची सोय नव्हती.

शेवटी काजलच उठली. तिनं पोरीला पाळण्यातून उचललं आणि दाराकडे निघाली. आत्या येत नसेल तर बाळ आत्याकडे जाईल, त्यात काय!

"येऊ नको!" सुचिता ओरडली आणि मागच्या मागे अंगणात उतरली. पार फाटकापर्यंत गेली, घराकडे पाठ केली, आणि मग तो खोकला फुटला. थांबता थांबेना. सरतेशेवटी तिनं श्वास ओढला, तसा तो आवाज दारापर्यंत ऐकू आला.

"सागरले डांग्या झाला," ती पाठमोरीच म्हणाली. "मलेबी तोच हाय. तू सांगे तरी म्या त्याले सुया देल्ल्या नाई, काजल."

 पुष्पाबाई घसा खाकरून म्हणाल्या, ठीक आहे, मनकर्णाबाई नात्यानं चुलत आत्याच लागते, तीच सांगेल नाव. मनकर्णाबाई पदर सावरत उठल्या. सुचितानं डोळे मिटून घेतले. आता दुसरीच्या पाठीत धपाटे पडणार, आणि आपण ते इथून ऐकायचे. तिला फार वाईट वाटलं, पण ती जागची हलली नाही.

"बसा तुमी, मनकर्णाबाई," काजलचा आवाज आला. तिनं पोरीला घट्ट धरलं होतं. "घुगऱ्या वाटून टाका. आधी पोरीले सुई, मंग नाव."

पुष्पाबाई काही बोलणार होत्या, पण काजल त्यांच्याकडे बघतच नव्हती.

"ताई, गोळ्या पुऱ्या करा अन् मंग या," तिनं दारातूनच सांगितलं. "सागरले संगं आना, त्याच्या राह्यलेल्या सुयाचं डॉक्टरले इचारू. नाव तुमीच सांगसान." ती जराशी थांबली. "अन् पहिला धपाटा माहा. तो जोरातच बसन."