पळसपानांचा देह

वाट पाहणे हा धर्म आहे. परंतु एखाद्याला आमरण वाट पाहायला लावणे हा धर्म नव्हे. म्हणूनच बेपत्ता माणसासाठी शास्त्राने बारा वर्षांची मर्यादा घातली आहे. ती सरली की पळसाच्या पानांचा देह रचून त्याला अग्नी द्यावा आणि मागे उरलेल्यांना मोकळे करावे.

खाडीकाठच्या करावे गावच्या गोजराची बारा वर्षे सरली होती. तिचा नवरा मारोती कामाच्या शोधात गेला, तो परतला नाही. गावातला देवजी तिच्याशी पाट लावायला, म्हणजे पुनर्विवाह करायला, तयार होता. पण आधी मारोतीचा विधी होणे आवश्यक होते.

त्यासाठीच वाशीचे दिनानाथशास्त्री, वयाच्या सत्तरीत, मोटारसायकलवर मागे बसले होते. साल चौऱ्याऐंशी. न्यायला आलेल्या चालवणाऱ्याने आपले नाव शिवा सांगितले होते. धुळीसाठी त्याने तोंडाला मफलर गुंडाळला होता.

"घट धरा गुरुजी. खड्डे हायत."

"काय धरू? हाताला तुझी हाडेच लागतात. जेवतोस की नाही?"

"ट्रकवर असतो. मिलंल तवा जेवतो."

"घरी कोण?"

"बायको हाय. चांगली हाय."

"मग तिच्यासाठी तरी नीट जेवत जा."

तुर्भ्याचे ट्रक अंगावरून गेल्यासारखे जात होते. शास्त्रीबुवांची कंबर दुखू लागली होती. दुखणे विसरावे म्हणून ते बोलत राहिले.

"गंमत ऐक. विधी झाल्यावर माणूस परत आलाच, तर त्याला तुपाच्या कुंडात बुडवून काढायचे. नुकत्या जन्मलेल्या बाळासारखे. बारशापासून सगळे संस्कार पुन्हा. स्वतःच्या बायकोशीही पुन्हा लग्न."

"तूप म्हाग हाय गुरुजी," शिवा हसला. "त्यापरीस न आलेला बरा."

नेरूळच्या पुढे त्याने गाडी एकदम उजवीकडे वळवली.

"मिठागराच्या बांधावरनं जाऊ. लवकर पोचू. ही वाट मला डोले मिटून ठावी हाय."

थोड्याच अंतरावर गाडी थांबली. पुढे बांध नव्हता, मिठागरही नव्हते. मुरुमाचा भराव होता आणि त्यावर नव्या इमारतींचे खांब उभे होते. शिवा बराच वेळ पाहत राहिला.

"भराव पडून सहा वर्षे झाली," शास्त्रीबुवा म्हणाले. "मागे वळव. मी सांगतो रस्ता."

गावाच्या वेशीवर त्याने गाडी उभी केली. "मी हितंच थांबतो. तुमी जावा."

खाडीच्या काठी विधी यथासांग झाला. मारोतीच्या चुलत्याने अग्नी दिला. पळसाची पाने पाहता पाहता राख झाली. गोजरा आवाज न करता रडली, मग पदराने तोंड पुसून शास्त्रीबुवांपुढे आली.

"सुटला ना वो तो, गुरुजी?"

"तूही सुटलीस, बाई."

तिने बारा वर्षांचा श्वास सोडला. देवजीने तिच्यापुढे पाण्याचा तांब्या धरला. मग तो शास्त्रीबुवांकडे वळला.

"गुरुजी, तुमी आलात कसे? मी रिक्षा धाडली, ती रिकामीच परत आली. म्हनं, तुमी आदीच निघालात."

शास्त्रीबुवांनी वेशीकडे पाहिले.

"भला माणूस भेटला," ते म्हणाले. "पाट उद्याच लावा. उशीर करू नका."

वेशीवर शिवा तसाच बसून होता. उन्हाने त्याचे कपाळ काळवंडले होते.

"रडली काय ती?"

"रडली. मग पाणी प्याली."

"पानी कुनी दिलं?"

"देवजीने."

"मग बरं झालं."

त्याने मफलर सोडला आणि रस्त्याच्या धुळीतच डोके टेकवले. शास्त्रीबुवांच्या हाताला अजून चितेच्या धुराचा वास होता. तोच हात त्यांनी त्याच्या मस्तकावर ठेवला.

"आयुष्मान् भव, मारोती."