चकली जेवत नाही

शुक्रवारी सकाळी सात वाजता चकलीनं उंदीर ओकला.

मंगळवारी गिळलेला, अर्धवट विरघळलेला. त्या वासानंच हेमाला जाग आली. नाकाला ओढणी बांधून तिनं तनिषच्या खोलीतली काचपेटी साफ केली. उलट्या ठेवलेल्या मातीच्या कुंडीखाली शेपटी सरकत गेलेली तिला दिसली. तिनं लगेच मान फिरवली.

चकली म्हणजे साडेतीन फुटी पाळीव अजगर. वेटोळं घालून बसली की चकलीसारखी दिसते म्हणून हेमाच्या नवऱ्यानं, अनिलनं, हे नाव ठेवलं होतं. होती मात्र तनिषची. तनिष सप्टेंबरात दुबईहून शिकायला मँचेस्टरला गेला. विमानतळावर म्हणाला, "आई, तिला फक्त जिवंत ठेव. प्लीज." जन्मभर शाकाहारी आणि पालीलाही घाबरणारी हेमा हो म्हणाली. तो निघाला होता. त्या क्षणी तिनं काहीही कबूल केलं असतं.

"देऊन टाकू," बुटांच्या नाड्या बांधताना अनिल म्हणाला. "अल क्वोझला एक माणूस घेतो असले प्राणी."

"जिवंत ठेवीन म्हटलंय मी त्याला."

"मग ठेव. पण मला वर्णन सांगू नकोस. नाश्ता खलास झाला माझा." आणि तो सिलिकॉन ओएसिसच्या ऑफिसला गेला. डिस्कव्हरी गार्डन्समधल्या त्या फ्लॅटमध्ये संध्याकाळपर्यंत हेमा एकटीच असे.

तिनं प्राण्यांच्या डॉक्टरांना, डॉ. कुबरांना, फोन लावला.

"एसी कितने पे है?"

"बावीस."

"मॅडम, बावीस में बेचारी हजम कैसे करेगी? साप का पेट गरमी से चलता है. पेटी गरम कीजिए. दो हफ्ते कुछ मत खिलाइए, फिर छोटा चूहा. पेटी को कपडे से ढक दीजिए और छेडना बिलकुल नहीं. डरी हुई है. छुपी है तो छुपी रहने दो."

हेमानं शब्द न् शब्द पाळला. जाळीच्या झाकणावर उबेचा लाल दिवा बसवला. तापमापकाची वायर झाकणाच्या कडेतून आत सोडली. झाकण जरा तिरकं बसलं, म्हणून कोपऱ्यावर तनिषचं फिजिक्सचं जाडजूड पुस्तक ठेवलं. खोलीचा एसी बंदच केला. पेटीच्या चारी बाजूंना आपली जुनी इरकली गुंडाळली.

चोवीस ऑक्टोबरला तिनं श्रीखंडाच्या डब्यातून गोठवलेला उंदीर काढला, गरम पाण्यात सैल केला, लांब चिमट्यात धरला आणि डोळे मिटून कुंडीच्या तोंडाशी ठेवला. मग डोक्यावरून आंघोळ केली. दुसऱ्या दिवशी उंदीर तिथेच होता.

पुढच्या शुक्रवारीही तसंच झालं. त्याच्या पुढच्या शुक्रवारीही.

"आई, डिड शी ईट?" तनिष व्हिडिओ कॉलवर विचारी.

"नाही रे. पण पाणी पिते. वाटी रोज निम्मी होते."

"शो मी."

"डॉक्टर ओरडतील. छेडायचं नाही म्हणाल्यात."

"ओके. वॉटर इज गुड. शी'ल ईट, आई."

नोव्हेंबरच्या दुपारी लांबत गेल्या. इरकलीतून लाल उजेड झिरपे आणि खोली पिकल्या डाळिंबासारखी दिसू लागे. हेमा खिडकीजवळच्या सोफ्यावर बसे. सुरुवातीला नुसतीच. मग हळूहळू बोलायला लागली.

"मलाही एकटीला जेवण जात नाही गं," तिनं एकदा सांगितलं. "दोन पोळ्या करते, एक उरते. कुणाला सांगू?"

कुठेतरी बारीक सरसर होई. ऐकते आहे, असं हेमाला वाटे. मग ती आणखी सांगे: लग्नाआधीची नोकरी, दुबईतलं पहिलं वर्ष, तनिष पहिल्यांदा तापला ती रात्र. बोलता बोलता डोळा लागे. एकच स्वप्न पुन्हा पुन्हा पडे. पावलांवर काहीतरी गार, जड, मळलेल्या कणकेसारखं येऊन विसावलं आहे आणि तिला हलावंसं वाटत नाही. जाग यावी तर पायांशी गोळा झालेली चादर.

पालीची भीती कधी गेली, तिचं तिलाच कळलं नाही. चकली मरेल ही भीती मात्र वाढत गेली.

"सात शुक्रवार, सात उंदीर," अनिल म्हणाला. "गप्पा मारतेस ना तिच्याशी, म्हणून उपासालाही तुझ्यावर गेली आहे."

"चेष्टा नको. तनिष येतोय बारा तारखेला. त्याच्या हातात मी काय देऊ?"

बारा डिसेंबरला संध्याकाळी सव्वासहाला तनिष आला. बॅग दारातच टाकून तो थेट खोलीत गेला. हेमा उंबऱ्याशीच थांबली.

"बारीक झाली असेल. रागावू नकोस. जमेल तेवढं केलं मी."

त्यानं इरकली सोडली. पुस्तक बाजूला केलं, झाकण काढलं, कुंडी उचलली. खाली काहीच नव्हतं.

"आई," तो अगदी हळू म्हणाला, "तू तिला शेवटचं कधी पाहिलंस?"

हेमानं आठवून पाहिलं.

"ओकली त्या दिवशी."

"म्हणजे नऊ आठवडे तू बोलत कुणाशी होतीस?" मागून अनिलनं विचारलं. त्याच्या आवाजात या वेळी चेष्टा नव्हती.

तिघांनी मिळून घर उलटंपालटं केलं. कपाटं, वॉशिंग मशीनची मागची बाजू, बाथरूमच्या जाळ्या. नऊ वाजून दहा मिनिटांनी तनिषनं खिडकीजवळच्या सोफ्याची गादी उचलली. खाली चकली नव्हती, कात होती. डोक्यापासून शेपटीपर्यंत सबंध, कुठेही न फाटलेली. तनिषनं ती अलगद बोटांवर घेऊन दिव्यापाशी धरली.

त्या दुपारी चारपर्यंत हेमा त्याच गादीवर झोपली होती. कात अजून ओली होती.