नमुना उत्तर

मुलाखतीच्या तयारीसाठी निकिताने मोबाईलवर ढीगभर व्हिडिओ पाहिले. सगळीकडे तीच गुळगुळीत, खोटी उत्तरं. वैतागून तिने स्वतःचाच व्हिडिओ टाकला. 'कठीण प्रसंगातून मार्ग कसा काढलात?' या प्रश्नाला तिचं खरं उत्तर: ऐन हंगामात वडिलांचा पाय मोडला, तेव्हा दिंडोरीच्या बागेत औषध मारायचा ट्रॅक्टर तिने चालवला आणि द्राक्षं वाचवली.

व्हिडिओ तुफान चालला. 'ताई, तुमचंच उत्तर ठोकून दिलं, लागली नोकरी,' अशा कॉमेंट येत राहिल्या. निकिता प्रत्येकीचं अभिनंदन करायची. आपलीही वेळ येईल, म्हणायची.

आली. मोबाईल गेटवर जमा करून ती अंबडच्या एका कारखान्यात साहेबांसमोर बसली. प्रश्न नेमका तोच. तिचा ट्रॅक्टर बागेत शिरतो न शिरतो तोच साहेबांनी हात वर केला.

"बस. वडिलांचा पाय, द्राक्षं... सकाळपासून तिसऱ्यांदा ऐकतोय. तुम्हा मुलींना स्वतःचं काही सांगताच येत नाही का?"

"सर, हे खरंच आमच्या घरात घडलंय."

"हो ना," पुढची फाईल ओढत साहेब म्हणाले, "त्या दोघींच्याही घरात घडलं होतं."