पहिल्या पंगतीची पोळी

वहाबने खटका दाबला आणि मशीन घोंगावायला लागलं. पितळी गंजातलं पीठ लोखंडी आकड्याला लटकून गरागरा फिरू लागलं. अंगणात दाटीवाटीने उभ्या असलेल्या बायका किंचाळून मागे सरकल्या आणि लगेच दुप्पट पुढे आल्या.

बल्लारपूरच्या कागद कारखान्यातला गोरा साहेब विलायतेला परत गेला, तेव्हा त्याच्या बंगल्यातून हे पीठ मळायचं मशीन भंगारात निघालं होतं. मोटार जळालेली, दातेरी चाकांतलं वंगण सुकून दगड झालेलं, चिनी मातीचं भांडं फुटलेलं. कारखान्यातल्या लटारूने ते उचलून घरी आणलं. त्याचा दोस्त वहाब मोटारी दुरुस्त करायचा. त्याने कितीतरी रविवार या मशीनशी झोंबी घेतली. मोटारीत नवी तार भरली, चाकं घासलेटात धुतली, फुटक्या भांड्याच्या जागी पितळी गंज बसवला. एवढा खटाटोप कशासाठी? तर लटारूच्या बायकोसाठी, रुखमाबाईसाठी.

लांब पोळी खावी तर रुखमाबाईच्या हातची, असं कारखान्याच्या चाळीत सगळेच म्हणत. या पोळीचं पीठ सैल भिजवायचं आणि परातीत आपटत राहायचं, खांदे भरून येईपर्यंत, पिठाला तार सुटेपर्यंत. मग गोळा दोन्ही हातांवर झुलवत कोपरापर्यंत लांबवायचा आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या माठावर टाकायचा. मागच्या श्रावणात रुखमाबाई विहिरीवर घसरली, तिचं मनगट मोडलं आणि ही सगळी मेहनत धाकट्या जावेच्या, आशाबाईच्या गळ्यात पडली. लटारूला बायकोचं दुःख पाहवेना. आपटायचं काम मशीनने केलं तर झुलवण्यापुरता तरी तिचा हात चालेल, असं त्याने मनाशी धरलं होतं.

आता खरं सांगायचं तर मनगट दिवाळीतच बरं झालं होतं. हे रुखमाबाईने कोणाला कळू दिलं नव्हतं. हात गळ्यात बांधून ती सगळीकडे फिरत होती. तिला आळशी म्हणाल तर पाप लागेल. लग्न होऊन आली त्या दिवसापासून तिने लांब पोळी कधी गरम खाल्लीच नव्हती. करणारी बाई सगळ्यांत शेवटी जेवते, आणि तोवर पोळीची चामड्याची वादी झालेली असते. हात मोडला तेव्हा लोकांनी तिला मायेने पहिल्या पंगतीत बसवलं. माठावरून उतरलेली वाफाळती पोळी तिच्या पानात पडली. दुधात बुडवून तिने पहिला घास खाल्ला आणि तिला चक्क रडू आलं. आपण इतकी वर्षं लोकांना हे खाऊ घालत होतो, याचा तिला पत्ताच नव्हता. त्यानंतर तो हात काही बरा होईना.

आज मशीन चाललं की पहिली पंगत गेली. ते बंद पडावं म्हणून तिने सकाळीच मारुतीला नारळ बोलला होता.

मारुतीने निम्मंच ऐकलं. मशीन बंद पडलं नाही, पण थरथरत टेबलावरून चालायला लागलं. लटारूने धावत जाऊन त्याला मिठी मारली. पिठाचा एक लपका त्याच्या मिशीवर बसला, दुसरा वहाबच्या टोपीवर.

"सोडू नको, लटारूभाऊ," वहाब म्हणाला, "ते विलायतेले वापस चाललं."

बायका हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या. रुखमाबाईही हसली. नारळ, मारुती, सगळं विसरून हसली.

वहाबने खटका बंद केला. दोन बोटांनी पीठ उचललं. तार सुटली. वीतभर झाली, हातभर झाली, तुटेचना. असं पीठ रुखमाबाईने जन्मात पाहिलं नव्हतं. तिच्या हातांना राहवेना. गळ्यातलं फडकं कधी सुटलं, आपण गोळा कधी उचलला, तिला कळलंच नाही. पोळी या हातावरून त्या हातावर गेली, कोपर ओलांडून खाली झुलली. तिच्यातून चुलीचा जाळ दिसायला लागला. माठावर पडताच ती टरारून फुगली. मग दुसरी. मग तिसरी. पुरुषांची पहिली पंगतही बसली. रुखमाबाई हसत होती आणि तिचे हात आनंदाने नाचत होते.

पुढची पोळी हातावर लोंबत असताना तिच्या लक्षात आलं की गळ्यातलं फडकं पायाशी पडलं आहे. पंगतीत बसलेला लटारू तिच्या मनगटाकडे पाहत होता.

"काऊन वो, तुहा हात दुखून नाई राह्यला?" त्याने विचारलं.

रुखमाबाईने घाईघाईने पोळी माठावर टाकली. आंब्याच्या रसाचा गंज खाली ठेवून आशाबाई पुढे आली. सगळा हिवाळा, सगळी लग्नसराई पीठ तिने आपटलं होतं आणि थंड पोळी तिने खाल्ली होती. तिच्याकडे पाहायची रुखमाबाईला लाज वाटली.

आशाबाईने पदराला हात पुसले. एक पत्रावळ ओढली आणि पुरुषांच्या पहिल्या पंगतीत, वहाबच्या शेजारी, मांडी घालून बसली.

"दिवाळीपासून मालूम हाये मले, बाई," ती म्हणाली. "तुमी इतक्या खुशीनं खात होत्या, मंग मी काई बोलली नाई. आता आजपासून माहा हात मोडला. वाढा, गरम हाये तवर."