उलट हॉर्न

खोर फक्कान बंदरातून कंटेनर घेऊन डोंगरातल्या रस्त्यानं दुबईला निघाला, की दत्ताराम प्रत्येक आंधळ्या वळणावर हॉर्न द्यायचा. कोकणच्या घाटांत तशी रीतच. पलीकडचाही उलट हॉर्न देतो. इथं सुपरवायझर खेकसायचा, “हॉर्न मत बजाओ, गाली समझते हैं!” इतक्या वर्षांत कधी उत्तर आलं नव्हतं. शहाण्णव सालच्या पावसानंतर एका सकाळी मात्र आलं. त्यानं करकचून ब्रेक दाबला. वळणापलीकडे दरड पडली होती. ती चुकवत एक ट्रक त्याच्याच बाजूनं येत होता. तोही थांबला. हळूच शेजारी येत ट्रकवाल्यानं विचारलं, “कुठला घाट, गाववाले?” “करूळ. तुमचा?” “फोंडा.” मागच्या गाड्यांनी लाईट मारले, नाव विचारायचं राहिलंच. पुढे वाळवंटात रस्ता सरळसोट होता, एकही वळण नव्हतं. तरी दत्तारामनं हॉर्न दिला आणि काच खाली करून ऐकत राहिला.