पान एकशे बारा

प्रत्येक वाक्याआधी वाचणारी बाई अर्धा सेकंद श्वास घेत होती. हेमलता तो मोजत होती. बाहेर उसाची शेतं संथपणे मागे सरत होती.

या बसमध्ये शेजारशेजारच्या दोन सीटांच्या उशांतल्या स्पीकरमधून एकच पुस्तक ऐकू यायचं. इतिहास, तत्त्वज्ञान, सगळं फुकट. त्याबदल्यात ऐकणाऱ्याने पुढच्या प्रवाशांसाठी एक पान आपल्या आवाजात रेकॉर्ड करून ठेवायचं. त्यामुळे पानागणिक आवाज बदलायचा.

"ही बाई छान वाचते हो," शेजारच्या आजी डोळे मिटूनच म्हणाल्या. "नाहीतर मघाचा तो! गाडी सुटत असल्यासारखा पळत होता मेला."

हेमलता हसली. पान एकशे बारा तिनेच वाचलं होतं, चार वर्षांपूर्वी. आताच्या तिच्या घोगऱ्या आवाजावरून आजींना ते कळणं शक्य नव्हतं.

"पुढच्या खेपेलाही हीच असेल का गं?"

"असेल, आजी. वाचलेलं पान कधी पुसत नाहीत."

स्वतःचंच वाक्य तिला जरा उशिरा ऐकू आलं. घशातल्या गाठीबरोबर स्वरयंत्रही काढावं लागणार होतं, म्हणून तीन महिने ती डॉक्टरांना टाळत होती. तिने फोन लावला आणि अर्धा सेकंद श्वास घेतला.

"डॉक्टर, हेमलता बोलतेय. काढा स्वरयंत्र. मी येते."